हाताला लागलेले वळण : लहानपणीचे व्हिडिओ गेम आणि मोठेपणीची आवड

कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ साली 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' नावाचा एक गेम बाजारात आणला. महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्यांच्या गावांत जी व्हिडिओ गेम पार्लरे होती, त्यांत तो पुढे अनेक वर्षे चालला. पण त्याचे हे खरे नाव तिथे येणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. गेममधल्या चार पात्रांपैकी एकाचे नाव मुस्तफा होते आणि मुलांनी सगळ्या गेमलाच 'मुस्तफा' म्हणायला सुरुवात केली. आज चाळिशीत असलेल्या माणसासमोर हे नाव काढले, तर पार्लरमध्ये सोबत कोण असे, कोणत्या स्टेजला खिशातली नाणी संपत, स्टेजच्या शेवटी येणारा कोणता बलाढ्य शत्रू, म्हणजे 'बॉस', काही केल्या मरत नसे, हे तो न विचारता सांगू लागतो, आणि सांगताना त्याचे अंगठे हलत असतात.

आठवण अशी टिकते यात विशेष नाही. विशेष हे आहे की हाच माणूस आज एखादा नवा गेम उघडतो, तेव्हा बहुतेकदा नकळत तो त्याच काळातल्या मापांनी मोजतो. पात्राने मारलेली उडी हलकी वाटते की जड, हरल्यावर खेळ पुन्हा कुठून सुरू होतो, शेजारी बसून दुसऱ्याला खेळता येते की नाही, अशा बारीक गोष्टींवर त्याचा पहिल्या दहा मिनिटांतला कौल ठरतो. लहानपणीचे गेम मोठेपणीच्या आवडीला वळण लावतात, असे जे म्हटले जाते, त्यात तथ्य आहे. मात्र ते वळण नेमके कशाला लागते आणि कशाला लागत नाही, हे सुटे करून पाहिल्याशिवाय त्या विधानाला फारसा अर्थ राहत नाही.

त्यासाठी आधी ओढ आणि आवड हे दोन शब्द वेगळे करू. ओढ ही त्याच जुन्या वस्तूची असते. निन्टेन्डो या जपानी कंपनीने २०१६ साली आपल्या जुन्या गेम यंत्राची छोटी प्रतिकृती ३० गेमांसह विकायला काढली, तेव्हा ती दुकानांत पुरेनाशी झाली. ती खरेदी मुख्यतः ओढीपोटी झालेली होती. आवड ही नव्या वस्तूंकडे पाहण्याची रीत असते. आईच्या हातच्या आमटीची आठवण येणे ही ओढ. आणि परगावी, परक्या खाणावळीत, कधीही न खाल्लेल्या पदार्थात आपण नकळत गूळ आणि आंबटपणाचा मेळ शोधतो, ती आवड. ओढ अर्ध्या तासात भागते. आवड मात्र आपल्याला न सांगता प्रत्येक निवडीत हजर असते, आणि या लेखाचा विषय ती आहे.

या आवडीचा सर्वांत खालचा थर हाताचा आहे. मराठीत 'हात बसणे' असा एक नेमका वाक्प्रचार आहे. भाकरी थापायला, तबल्यावर ठेका धरायला, टंकलेखन करायला हात बसावा लागतो, आणि एकदा तो बसला की ती कृती शब्दांत सांगणे अवघड होते, पण करणे सोपे होते. मानसशास्त्रात या स्मृतीला प्रक्रियात्मक स्मृती म्हणतात. प्रसंग आणि नावे लक्षात ठेवणाऱ्या स्मृतीहून ती वेगळी असते, मेंदूच्या वेगळ्या भागांवर अवलंबून असते, आणि वर्षानुवर्षे वापरली नाही तरी बरीचशी शाबूत राहते. म्हणूनच गेममधल्या राजकन्येचे नाव विसरलेला माणूसही मारियोची पहिली स्टेज हाती आली की कोणत्या खड्ड्याआधी धाव घ्यायची, हे चुकत नाही.

'सुपर मारियो ब्रदर्स' हा १९८५ सालचा गेम. त्यात उडीचे बटण जितका वेळ दाबून धरावे तितकी उडी उंच जाते, हवेत असतानाही मारियोला डावी-उजवीकडे वळवता येते, आणि धावता धावता थांबायचे म्हटले तर तो थोडा घसरून थांबतो. पुढच्याच वर्षी आलेल्या कोनामीच्या 'कॅसलव्हेनिया'मध्ये याच्या अगदी उलट व्यवस्था आहे. तिथे उडी एकदा घेतली की तिची कमान ठरलेली असते आणि हवेत गेल्यावर मन बदलता येत नाही. दोन्ही गेम उत्तम आहेत, दोन्हींची उडी पूर्ण विचार करून रचलेली आहे. परंतु ज्याचा हात मारियोवर बसला, त्याला दुसरी उडी चुकीची वाटते, आणि 'या गेमचे कंट्रोल्स जड आहेत' असे तो ठामपणे सांगतो. त्याचे हे मत गेमविषयी असल्यासारखे ऐकू येते. प्रत्यक्षात त्याचा हात काय शिकून आला आहे, ते तो सांगत असतो. गेमची परीक्षणे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुष्कळ वाद वादच राहत नाहीत.

दुसरा थर डोळ्याचा, आणि त्याबाबतीत एक फार सुंदर प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जेसी गोमेझ, मायकेल बार्नेट आणि कलानित ग्रिल-स्पेक्टर या संशोधकांनी लहानपणी पोकेमॉन, म्हणजे काल्पनिक प्राणी पकडत जायचा गेम, भरपूर खेळलेल्या प्रौढांच्या मेंदूची छायाचित्रणाद्वारे तपासणी केली. हे संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झाले. चेहरे, प्राणी, शब्द, इमारती अशा चित्रांबरोबर त्यांना पोकेमॉनची चित्रे दाखवण्यात आली. ज्यांनी पाच ते आठ वर्षांच्या वयात गेम बॉय या हातात धरायच्या छोट्या यंत्रावर पोकेमॉन खेळला होता, त्यांच्या मेंदूच्या दृश्यभागातील एक विशिष्ट घडी पोकेमॉनच्या चित्रांना इतर चित्रांपेक्षा अधिक प्रतिसाद देत होती. ज्यांनी तो खेळला नव्हता, त्यांच्यात हे दिसले नाही. ही घडी खेळलेल्या सर्वांमध्ये जवळपास एकाच जागी होती, हे त्याहून महत्त्वाचे. त्याचे कारण संशोधकांनी असे मांडले की गेम बॉयचा पडदा लहान, तो हातभर अंतरावर धरला जाई, त्यामुळे ती चित्रे प्रत्येक मुलाच्या दृष्टीच्या मध्यभागी आणि साधारण एकाच आकारात पडत होती. डोळ्याच्या कोणत्या भागावर चित्र पुन्हा पुन्हा पडते, यावरून मेंदूत त्याची जागा ठरली.

या प्रयोगाचा अर्थ वाजवीपेक्षा ताणू नये. ही माणसे मोठेपणी कोणते गेम पसंत करतात, असा प्रश्न त्यात विचारलेला नव्हता, आणि मेंदूत अशी जागा तयार होणे चांगले किंवा वाईट, असेही त्यातून निघत नाही. वाचन शिकलेल्या प्रत्येकाच्या मेंदूत अक्षरांसाठी अशी जागा तयार होतच असते. एवढे मात्र स्पष्ट होते की त्या वयात तासन् तास पाहिलेली चित्रे निव्वळ आठवण म्हणून राहत नाहीत, तर पाहण्याच्या यंत्रणेचाच भाग होतात. मोठे ठसठशीत चौकोनी ठिपके, मोजके रंग, काळी पार्श्वभूमी ही चित्रशैली एखाद्याला 'आपली' वाटते आणि दुसऱ्याला केवळ जुनाट, यामागे हे एक कारण असू शकते.

ओळखीतून पसंती निर्माण होते, ही गोष्ट तर त्याआधीच दाखवली गेली होती. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली लोकांना अर्थहीन शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हे आणि अनोळखी चेहरे कमीअधिक वेळा दाखवले, आणि जे अधिक वेळा दिसले ते लोकांना अधिक आवडले. मात्र बालपण हेच आवडीचे एकमेव वय आहे, असे समजू नये. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ साली संगीताच्या आवडीचा अभ्यास केला, तेव्हा माणसाला सर्वाधिक आवडणारी गाणी तो साधारण २४ वर्षांचा असताना लोकप्रिय असलेली निघाली. गेम हे गाण्यासारखे नुसते ऐकायचे नसतात, त्यांत हात लागतो, त्यामुळे दोन्हींचे वय एकच असेल असे नाही. तरीही कॉलेजच्या दिवसांत सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम खेळलेल्यांवर त्या गेमचा जो ठसा दिसतो, तो लहानपणीच्या मारियोपेक्षा कमी नाही.

आता मी ज्या मुद्द्याला सर्वाधिक महत्त्व देतो, त्याकडे येतो. लहानपणीचे गेम आपण निवडलेले नसतात. जे मिळाले ते आपण खेळलो, आणि काय मिळावे हे व्यापार, कायदा, भाषा आणि घरची ऐपत यांनी ठरवले होते. आपल्या आवडीचा मोठा भाग या न केलेल्या निवडीतून आला आहे.

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये 'फॅमिकॉम' हे यंत्र आणले आणि पुढे त्याच्या हुबेहूब नकला आशियाभर पसरल्या. नव्वदच्या दशकात 'लिटल मास्टर', 'मीडिया', 'टर्मिनेटर' अशा नावांनी आपल्या घरांत आलेले 'व्हिडिओ गेम' याच घराण्यातले होते. मुळात ज्याला कार्ट्रिज म्हणत, त्याला आपण कॅसेट म्हणालो. कंट्रोलरला रिमोट म्हणालो. कॅसेटवर '९९९९९९ इन १' असे छापलेले असे आणि आत वीस-तीस गेम वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या स्टेजपासून सुरू होत पुन्हा पुन्हा येत. काँट्रा, बॉम्बरमॅन, सर्कस चार्ली, आइस क्लाइंबर, रोड फायटर, ॲडव्हेंचर आयलंड, आणि ज्याला सगळे 'टँक' म्हणत तो नामको कंपनीचा १९८५ सालचा 'बॅटल सिटी', अशी ती यादी होती.

त्या यादीत काय नव्हते, हे पाहिले की बरेच उलगडते. तिच्यात वाचावे लागेल असे जवळजवळ काहीच नव्हते. बनावट कॅसेटमध्ये स्वस्तात बसणारे लहान आकाराचे गेम घातले जात, आणि खेळ अर्धवट ठेवून उद्या तिथूनच सुरू करण्यासाठी लागणारी बॅटरी तिच्यात नसे. म्हणजे लांबलचक कथा असलेला, आठवडेच्या आठवडे चालणारा, पात्राची ताकद हळूहळू वाढवायला लावणारा गेम आपल्यापर्यंत पोहोचण्याची वाटच बंद होती. त्याच यंत्रावर जपानमध्ये १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' आला. पडद्यावर मजकूर वाचत, गावकऱ्यांशी बोलत, क्रमाक्रमाने लढत पुढे जायचा तो गेम तिथे प्रचंड गाजला आणि त्या मालिकेवरचे जपानी लोकांचे प्रेम आजही टिकून आहे. यंत्र एकच, काळही जवळपास एकच. पण जपानी मुलाची 'गेम' या शब्दाची व्याख्या वेगळी झाली आणि आपली वेगळी. आपल्यासाठी गेम म्हणजे वीज जाण्याआधी किंवा बातम्या सुरू होण्याआधी संपवायची गोष्ट होती. आमच्या घरी रात्री वडिलांच्या बातम्यांची वेळ झाली की सहाव्या स्टेजवर पोहोचलेला मारियो तिथेच सोडावा लागे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या स्टेजपासून सुरुवात होई. त्यातून एक शिस्त अंगवळणी पडली: सुरुवातीच्या स्टेज डोळे मिटून पार करता आल्या पाहिजेत, म्हणजे लाइफ शिल्लक राहतात. आज माझ्याकडे शंभर तासांचे गेम आहेत आणि ते चांगले आहेत हे मला कळते, तरी एका बैठकीत सुरू होऊन संपणारा, हरलो तर पहिल्यापासून खेळायला लावणारा गेमच मी पुन्हा पुन्हा उघडतो. या प्रकाराला हल्ली 'रोगलाइक' म्हणतात आणि तो नव्या पिढीचा प्रकार समजला जातो. कॅसेटवर वाढलेल्या माणसाला त्यात परके असे काही वाटत नाही.

हाच नियम देशांच्या पातळीवर अधिक ठळक दिसतो. चीनने जून २००० मध्ये टीव्हीला जोडायच्या गेम यंत्रांच्या विक्रीवर बंदी घातली. ती २०१४ पासून सैल झाली आणि २०१५ साली देशभर उठली. या पंधरा वर्षांत तिथे एक अख्खी पिढी संगणकावर, इंटरनेट कॅफेत आणि पुढे मोबाइलवर खेळत मोठी झाली. बंदी उठल्यावर यंत्रे दुकानात आली, पण ती सवय लागलेली माणसे मुळात तयारच झालेली नव्हती. चीनचा गेमबाजार पुढेही मुख्यतः संगणक आणि मोबाइलचाच राहिला. दक्षिण कोरियात १९९७ च्या आर्थिक संकटानंतर गल्लोगल्ली संगणकाची भाड्याची केंद्रे निघाली, १९९८ साली 'स्टारक्राफ्ट' आला, आणि वेगवान डावपेचांचा तो गेम दूरचित्रवाणीवर सामने दाखवण्याइतका राष्ट्रीय खेळ झाला. रशियात डिसेंबर १९९२ पासून 'डेंडी' नावाने विकली गेलेली नक्कल आपल्या 'लिटल मास्टर'चीच भावंडे होती. तिथली त्या वयाची माणसे 'बॅटल सिटी'ला आपल्यासारखेच त्यांच्या भाषेत 'छोटे टँक' म्हणतात. मॉस्कोतला आणि मिरजेतला चाळिशीचा माणूस या एका बाबतीत टोकियोतल्या किंवा न्यूयॉर्कमधल्या समवयस्कापेक्षा एकमेकांना अधिक जवळचे आहेत, आणि त्याचे कारण दोघांकडे एकच बनावट कॅसेट आली, इतके साधे आहे.

कॅसेटबरोबर माणसेही आली, आणि माझ्या मते आवडीवर सर्वांत खोल ठसा त्यांचा उमटतो. यंत्राबरोबर दोन रिमोट येत. मारियोत दोघांना एकाच वेळी खेळता येत नाही: एकाची लाइफ गेली की दुसऱ्याची पाळी. त्यामुळे खेळण्यात जितका वेळ जाई तितकाच दुसऱ्याचा खेळ पाहण्यात, त्याला ओरडून सूचना देण्यात आणि त्याची लाइफ जाण्याची वाट पाहण्यात जाई. काँट्रात दोघे एकदम खेळत, पण धबधब्याच्या स्टेजला एकजण भराभर वर गेला की पडदाही वर सरके आणि मागे राहिलेला भिडू मरे. 'टँक'मध्ये आपली गोळी भिडूच्या रणगाड्याला लागली तर तो काही क्षण जागीच खिळून राही, आणि सावध नसलो तर राखायचे ठाणे आपल्याच गोळीने उडे. लगोरीत किंवा विटीदांडूत भिडू सांभाळून घेणे जसे शिकावे लागते, तेच शिक्षण इथे मिळत होते. अशा खेळात वाढलेल्यांपैकी अनेकांना मोठेपणी अनोळखी माणसांशी इंटरनेटवर खेळणे रुचत नाही. शेजारी बसलेल्या माणसाच्या कोपराचा धक्का लागल्याशिवाय त्यांना खेळ खेळासारखा वाटत नाही. याउलट ज्यांची सुरुवात हेडफोन लावून, दूरच्या मित्रांच्या आवाजासोबत झाली, त्यांना तेच सोबत वाटते. २०१८ साली भारतात आलेल्या पबजी मोबाइलने असे खेळणारे लाखो निर्माण केले. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये तोच खेळ भारतासाठी नव्या नावाने परतला, तेव्हा त्या मुलांना परत मिळाली ती त्यांची टोळी होती.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे, कारण ती बहुतेक आठवणींत गाळली जाते. पार्लर मुलग्यांचे होते. घरात एक यंत्र आले तरी पहिला रिमोट भावाच्या हाती आणि दुसरा त्याच्या मित्राच्या. अनेक मुलींच्या वाट्याला पाहणे आले, किंवा वडिलांच्या नोकियावरचा साप आला. तो साप १९९७ साली नोकिया ६११० या फोनवर पहिल्यांदा दिसला होता. पुढे मोठेपणी 'बायकांना कोडी सोडवायचे गेमच आवडतात' असे निष्कर्ष सहज काढले गेले. ज्यांच्या हातात रिमोट दिलाच नाही, त्यांचा त्यावर हात बसला नाही याला आवड म्हणणे अन्यायाचे आहे. आवडीचा अभ्यास करताना संधीचा हिशेब आधी मांडला पाहिजे.

इतके सांगून झाल्यावर, या सिद्धान्ताच्या मर्यादाही तितक्याच काळजीने पाहू. आपल्या आवडीचे कारण आपल्याला माहीत आहे, असे आपल्याला वाटते. ते खरे असतेच असे नाही. काही खेळाडू दांडी पुढे ढकलली की नजर खाली जावी, अशी उलटी मांडणी पसंत करतात. त्यांना विचारले तर 'लहानपणी विमानाचे गेम खेळलो म्हणून' असे उत्तर अनेकदा मिळते. इंग्लंडमधील ब्रुनेल विद्यापीठाशी संबंधित जेनिफर कॉर्बेट आणि याप मुन्नेके यांनी हे प्रयोगातून तपासले, तेव्हा लोकांनी स्वतः दिलेल्या कारणांवरून त्यांच्या निवडीचा अंदाज बांधता येईना. एखादी वस्तू मनातल्या मनात किती झटकन फिरवता येते, यासारख्या क्षमतांशी त्या निवडीचा अधिक संबंध दिसला. लहानपणाची कथा सांगायला सोपी असते, म्हणून ती लगेच ओठांवर येते. मी वर माझ्या आवडीविषयी जे लिहिले, त्यालाही ही तपासणी लागू आहे.

दुसरी मर्यादा वयाची. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली 'स्टारक्राफ्ट २'च्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पाहून कृती करण्याचा वेग २४ व्या वर्षापासूनच उतरू लागलेला आढळला. मात्र मोठ्या वयाचे खेळाडू सोप्या डावपेचांनी आणि यंत्राच्या सोयी अधिक वापरून ती उणीव काही अंशी भरून काढत होते. मग चाळिशीतला माणूस वेगवान गोळीबाराचे गेम सोडून सावकाश डावपेचांकडे वळला, तर ते त्याच्या लहानपणामुळे की मंदावलेल्या हातामुळे? निक यी यांनी सहसंस्थापक म्हणून उभारलेल्या क्वांटिक फाउंड्री या संस्थेने लाखाहून अधिक खेळाडूंकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, आणि वयाबरोबर सर्वाधिक घसरण इतरांशी चढाओढ करण्याच्या ओढीत दिसली. परंतु अशा पाहणीत एकाच वेळी विशीतल्या आणि पन्नाशीतल्या माणसांना विचारलेले असते. त्यांच्यातला फरक वयाने आला की ती दोन वेगळ्या गेमांवर वाढलेल्या पिढ्यांची माणसे आहेत म्हणून आला, हे अशा एका पाहणीवरून सांगता येत नाही. त्यासाठी त्याच माणसांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा विचारावे लागते. त्यात नोकरी, मुले आणि रात्री उरणारा पाऊण तास यांचाही वाटा असतो, आणि तो लहान नाही.

एक पुरावा मात्र कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा बोलका आहे, आणि तो म्हणजे मोठी झालेली मुले स्वतः कोणते गेम बनवतात. पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करत, आणि कसलेही गेम यंत्र जवळ नसताना लागलेला तो छंद १९९६ साली गेम बनून आला. अमेरिकेतील एरिक बॅरोन लहानपणी 'हार्वेस्ट मून' हा शेतीचा जपानी गेम खेळत. पुढच्या काळातल्या त्याच मालिकेच्या गेमांनी समाधान होईना, तेव्हा त्यांनी सुमारे साडेचार वर्षे एकट्याने काम करून चित्रे, संगीत आणि प्रोग्रामिंगसह 'स्टारड्यू व्हॅली' तयार केला आणि तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या गेमची पेरणी, गावकरी, ऋतू सगळे आहे, पण लहानपणी त्यांना जे हवे होते आणि मिळाले नव्हते, तेही आहे. ओढ असती तर त्यांनी जुना गेम पुन्हा लावला असता. आवड होती, म्हणून नवा घडवला.

आजच्या मुलांच्या हाताला कोणते वळण लागते आहे, याचे उत्तर पंधरा-वीस वर्षांनी मिळेल. त्यांचा हात काचेवर बसतो आहे, दाबल्यावर खाली जाणाऱ्या बटणावर नाही. त्यांच्या अनेक गेमांना शेवटची स्टेजच नसते. दर हंगामाला नवे काही येते आणि रोज हजेरी लावल्याबद्दल बक्षीस मिळते. काही मुलांचा पहिला गेम माइनक्राफ्ट असतो, ज्यात जिंकायचे काय हे कुणी सांगत नाही आणि ठोकळे रचत बसता येते.

गेल्या मे महिन्यात माझी नऊ वर्षांची भाची सुट्टीला आली होती. माळ्यावरचे यंत्र उतरवून मी तिला 'टँक' लावून दिला, दुसरा रिमोट हातात घेतला आणि ठाणे कसे राखायचे ते समजावू लागलो. दोन डाव ती मुकाट्याने खेळली. मग तिने सुरुवातीच्या पडद्यावर, एक खेळाडू आणि दोन खेळाडू या पर्यायांच्या खाली असलेला तिसरा पर्याय उघडला. तिथे विटा, पोलाद, पाणी आणि झाडी हव्या तशा मांडून स्वतःची स्टेज तयार करता येते. आम्ही चौघा भावंडांनी इतक्या वर्षांत तो पर्याय दोन-चारदाच उघडला असेल, कारण त्यात कुणी मरत नसे आणि कुणाची पाळी येत नसे. ती मात्र त्यात दुपारभर रमली. संध्याकाळी तिने मला बोलावले, ठाण्याभोवती बांधलेला पोलादी वाडा आणि त्याच्या दारातली झाडी दाखवली, आणि आता हे उद्यासाठी जपून कुठे ठेवायचे, असे विचारले.